मागं उघडणारी खिडकी

मिरजगावच्या आमच्या छपाईच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला येणारे दादा मशीनशी बैलाशी बोलावं तसं बोलतात. "थांब की मर्दा, कुठं पळतोस." चहा बशीत ओततात आणि पार गार झाला की पितात.

मी आठवीत शाळा सोडलेली. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून इथं लग्नपत्रिका टाइप करायला आले. नजर कागदावर ठेवूनच मला टाइप जमतं. पण मधेच 'मघाचं पुन्हा छापू का' असं विचारणारी प्रिंटरची खिडकी स्क्रीनवर पुढं यायची, माझं एंटर तिलाच लागायचं आणि भारी कागद भराभर वाया जायचे. शेठ म्हणाले, "अजून एकदा झालं, की अकोल्याची गाडी धरायची."

दादा शेजारी बसून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "तुजं न्हाई चुकत. ती मधी घुसती."

स्क्रीनवरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा कोड सगळ्यांना खुला असतो म्हणे. दादांनी आत शिरून त्यातल्या थोड्या ओळी बदलल्या. आता नवी खिडकी मागंच उघडते, मी क्लिक केल्याशिवाय पुढं येत नाही.

पण अपडेट आलं की हा बदल पुसला जातो. म्हणून दादा न बोलावता येतात आणि परत करून जातात.

परवा शेठ वैतागले. "दर वेळी काय हे? तिलाच शिकव ना स्क्रीनकडं बघायला."

"शिकंल की," दादा मान वर न करता म्हणाले. "तवर मी येतो."

शेठनी पुढच्या पत्रिकेच्या मजकुराचा कागद तेवढा माझ्यासमोर सरकवला.