कुसुमताईंचा स्वतःचा नंबर

कुसुमताई मूळच्या परभणीकडच्या. लग्नानंतर पिंपळे गुरवला आल्या आणि गेली अकरा वर्षं चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडतात. हात असा चालतो की नव्या मुलींना आधी त्यांच्याच शेजारी उभं करतात. पण घरात इंटरनेटचा फोन एकच, नवऱ्याचा, ज्योतीरामचा. ताईंकडे साधा बटणांचा. कामाचा अर्ज ज्योतीरामनेच भरलेला, त्यामुळे कंपनीचा प्रत्येक निरोप त्याच्या व्हॉट्सॲपवर.

एका सोमवारी शिफ्ट बदलली. निरोप आला तेव्हा ज्योतीराम टेम्पो घेऊन बाहेरगावी होता. ताई नेहमीसारख्या दुपारी थांब्यावर गेल्या; त्यांची बस सकाळीच निघून गेली होती. गैरहजेरी लागली. अकरा वर्षांतली पहिली.

त्या भांडल्या नाहीत. रविवारी आधार कार्ड घेऊन दुकानात गेल्या आणि स्वतःच्या नावाचं सिम नि एक वापरलेला फोन घेऊन आल्या. घरात एक असताना तुला कशाला, असं ज्योतीरामने विचारलं.

"कामाला मी जाते," ताई म्हणाल्या, "मग निरोप तुमच्या फोनवर कामून?"

दोन दिवस तो कुरकुरत राहिला. ताईंनी फोन ठेवला तो ठेवलाच, आणि कंपनीत स्वतःचा नंबर दिला.

कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या दिव्याने त्यांना शिकवलं. चुकीचं काही दाबलं तर फोन कायमचा बंद पडेल, अशी ताईंना धास्ती. महिन्याभरात ती धास्ती गेली.

मग ध्यानात आलं, लाइनवरच्या बहुतेक जणींचे कंपनीकडे दिलेले नंबर नवऱ्याचे नाहीतर मुलाचे. एकेक जण स्वतःचा फोन घेऊ लागली, तसे ताईंनी सुपरवायझरच्या मागे लागून ते बदलून घेतले. रोज बसमध्ये एकेकीजवळ बसून शिकवू लागल्या. कुणाचा फोन स्वतःच्या हातात घेत नसत. तूच दाब, म्हणत.

लाइनवरच्याच मंजुळाबाईंच्या घरून मात्र फोनला साफ नकार आला. तेव्हा ताई पुन्हा सुपरवायझरकडे गेल्या: शिफ्टची यादी गेटवर कागदावरही लावा. आता कागद कोण वाचतं, असं तो म्हणाला.

"जिच्याकडं फोन न्हाई, ती वाचते."

यादी लागू लागली. परवा सुटताना ताई गेटवर पोहोचल्या, तर मंजुळाबाई आधीच कागदावर बोट फिरवत उभ्या होत्या. उद्या दोघी पहिल्या शिफ्टला, असं त्यांनीच ताईंना सांगितलं.