हात दाखव, काय खाल्लं?

माझ्यावर उपकार केले ते कमलामावशींनी, हे आधीच सांगून टाकते. कसले, ते पुढे येईलच. माझी शाळा नववीत सुटली, लिहायची सवय नाही, आणि घाबरत लिहायला लागलं की मुख्य माणूसच राहून जातं.

मावशी वर्ध्यात आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकावर बसायच्या. कमरेला चाव्यांचा जुडगा आणि पायाशी पाण्याचा तांब्या. संध्याकाळी शाळेतून परतणाऱ्या मुलीचं दप्तर त्या कधीच तपासत नसत. "हात दाखव," म्हणायच्या. हात पुढे केला की बोटं नाकाशी नेऊन डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या.

"आलूबोंडा. अन् तर्री दोनदा घेतली, हावरे."

खरंच असायचं ते. मधल्या सुट्टीत आम्ही तिघी मिळून एक आलूबोंडा घ्यायचो. बोंडा एकच, पण तर्री मागाल तितकी. गाडीवाला वैतागून म्हणायचा, "पोरीहो, बोंड्याले पोहणं शिकवून राह्यल्या का?" कधी बोरांची आंबट पूड, बोरकूट, कधी पाचही बोटांत घालून एकेक खायचे पिवळे पोंगे. बाहेरचं खायला वसतिगृहात मनाई होती, म्हणून एकदा आम्ही नळावर साबणानं हात खसाखसा धुऊन आलो. मावशींनी नुसता श्वास घेतला.

"साबण? सहा वाजता? समोसा खाल्ला असन."

पण त्यांनी वसतिगृहाच्या बाईंकडे कधी चुगली केली नाही. त्यांची शिक्षा वेगळी होती. समोर बसवायच्या आणि खाल्लेलं सगळं नीट सांगायला लावायच्या. तर्रीवर तेलाचा तवंग होता का, बोंड्यात कोथिंबीर होती की नुसता आलू, सगळं. त्यांना साखरेचा आजार होता, गोड तर पूर्ण बंद. "मले शुगर आहे, माह्या नाकाले नाई," असं म्हणून त्या आमच्या बोटांवर आपली हौस भागवायच्या.

त्यांचा खरा हंगाम नवरात्रात. आजूबाजूच्या घरांत अष्टमीला नऊ कन्या जेवायला बोलवायची पद्धत होती. पाय धुवायचे, कुंकू लावायचं, खीर-पुरी वाढायची, वर रिबिनी नाहीतर बांगड्या द्यायच्या. नऊ लहान मुली कुठल्याच एका घरात नसायच्या, म्हणून बाया मावशींकडे यायच्या. मावशी आधी विचारायच्या, "जेवाले काय आहे?" नुसता शिरा असला की आमच्यातल्या मुलींना अचानक खूप अभ्यास असायचा. खीर-पुरी आणि बेसनाचा लाडू ऐकला की तोंडं धुऊन रांग तयार.

मी आठवीत होते तेव्हाची अष्टमी. मागच्या गल्लीतल्या वहिनींचं आमंत्रण होतं आणि त्यांची खीर म्हणजे आमच्या वसतिगृहात वर्षभर बोलायचा विषय. नेमकी त्याच आठवड्यात मला पहिल्यांदा पाळी आली. नियम मला ठाऊक होता. शहाणी झालेली मुलगी कन्येच्या पंगतीत चालत नाही. मला भीती रक्ताची नव्हती, खीर जाण्याची होती. आता दरवर्षीची ती पंगत, ते पाय धुणं, त्या रिबिनी, सगळं संपलं, असं वाटून रात्री रडूही आलं. मी गप्प राहिले आणि रांगेत उभी राहिले.

वहिनी परातीत एकेकीचे पाय धूत आल्या. माझा पाय हातात घेतला आणि शेजारची सहावीतली पिंकी भोळेपणानं म्हणाली, "वहिनी, रोशनीताई चालते का? तिले तर पाळी आली सोमवारी."

वहिनींचा हात थांबला. "व माय!" त्या वाईट नव्हत्या, त्याही घाबरल्या होत्या. दारात बसलेल्या मावशींना म्हणाल्या, "मावशी, नवसाचं आहे वो. काई चुकलं तर?"

मी उठले. ओल्या पायांचे ठसे उमटवत भिंतीशी जाऊन उभी राहिले. माझा पाट रिकामा दिसत होता आणि त्याच्यासमोर ताटात खिरीची वाटी. तेवढ्यात चाव्या खळखळल्या. मावशी उठल्या, पदर खोचला आणि थेट माझ्या पाटावर मांडी घालून बसल्या.

"धुवा पाय."

"मावशी, तुम्ही?" वहिनी बघतच राहिल्या.

"काऊन? नियम पाळीचाच आहे ना? माही बंद होऊन वर्सं झाले. मी बसतो नियमात."

 मग आतल्या खाटेवरून वहिनींच्या सासूबाई अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. "हिच्या हिशेबानं त मी बी कन्याच झालो! सूनबाई, माहा बी पाट टाक."

आता वहिनीही हसायला लागल्या. "अन् ही पोरगी?"

"तिचं बी ताट टाका," मावशी म्हणाल्या, "अन् तिची वाटी मोठी पाहिजे. लेकरू वाढून राह्यलं, मंग भूक नाई वाढन का?"

सासूबाईंनी खाटेवरूनच मान हलवली आणि ताट आलं. नवाच्या अकरा कन्या झाल्या. वहिनींनी मावशींचे पाय परातीत घेतले. टाचांना भेगा, बोटं वाकडी. एवढी बोलणारी बाई, पण पाणी पडलं तशी गप्प झाली, मान खाली घालून. मग खिरीची वाटी नाकाशी नेली, "विलायची कमी," म्हणाली आणि अख्खी वाटी माझ्या ताटात सरकवली.

परतताना मी विचारलं, "मावशी, देवी रागावणार नाही ना?"

"जेवलेल्या पोरीवर कोनती माय रागावते वो?" आणि मग, फाटक उघडता उघडता, "मोठी झाली म्हून कोनी वाटी लहान केली, त मले सांगजो."

पुढच्या वर्षी बाबांची कंबर गेली आणि शाळा सुटली. मी पेटी घेऊन निघाले तेव्हा मावशींनी सवयीनं हात हुंगला. "काईच वास नाई. उपाशी निघाली काऊन?" स्टुलाखालच्या डब्यातून गाईच्या तुपातल्या गोरसपाकाचं एक बिस्कीट काढलं. "वास घ्याले ठेवलं होतं. खाऊन टाक."

आता मी इंदूरला मिठाईच्या कारखान्यात बर्फी कापते, डबे भरते. हातमोजे असतात, तरी संध्याकाळी बोटांना खव्याचा वास येतोच. कोणी ओरडेल का, कामावरून काढतील का, ही धाकधूक अजून जात नाही. मग मी मावशींना फोन लावते. त्या विचारतात, "आज काय कापलं?" मी सांगते केशर बर्फी, मलाई बर्फी. त्या लांब श्वास घेतात आणि चिडतात, "या फोनात काई वास येत नाई, पोरी!"

मावशी, दिवाळीची गर्दी सरली की सुट्टी मागणार आहे. मागायची भीती वाटते, पण मागणार. निघायच्या दिवशी शेवटची बर्फी हातमोजे काढून माझ्या स्वतःच्या डब्यात भरीन आणि हात न धुता, हातावरच पिशवी बांधून गाडीत बसेन. लोक हसू देत. तुमच्या फाटकाशी येऊन पिशवी सोडीन आणि तुम्ही म्हणायच्या आत हात पुढे करीन.