लिफ्टमध्ये पडलेला फोटो

आमच्या बडोद्यातल्या मांजलपूरच्या फ्लॅटची लिफ्ट दोनच माणसांची आहे, बोर्डावर भले चार लिहिलंय. त्या दिवशी आत मी, आई आणि आईची इस्त्रीची साडी. साडीला भिंत लागू द्यायची नव्हती, म्हणजे जागा अजूनच कमी!

आई शाळेतून रिटायर होत होती. निरोपाच्या बॅनरवर तिचा मोठ्ठा फोटो लागणार होता, आणि बॅनर करणाऱ्या बाई सकाळपासून मला मेसेज करत होत्या, "संध्याकाळी छापायला जाणार, फोटो मोकल, फोटो मोकल." मोकल म्हणजे पाठव. घरात मी ढीगभर फोटो घेतले. लाइट मस्त, फोकस मस्त, मागचा पडदा एकदम सरळ. आणि प्रत्येक फोटोत आई म्हणजे आधार कार्ड! "रेडी?" म्हटलं की ओठ घट्ट बंद, कारण पुढचा एक दात वाकडा आहे. म्हणून म्हटलं, चल, खाली कंपाउंडमध्ये छान उजेड असेल.

मध्येच लाइट गेली. धाडकन लिफ्ट थांबली, पंखा बंद. एक छोटा पिवळा दिवा तेवढा राहिला.

आईला बंद जागेची भीती वाटते हे माहीत होतं, पण इतकी? तिने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. मी दार बडवलं. वरून वॉचमनकाका ओरडले, "बेन, गभराता नहीं, चावी लावुं छुं!"

"जल्दी करो ने भाई!" आईचा आवाज फाटलाच.

आणतो म्हणाले, पण चावी काही येईना. नेटवर्क नाही. गरम व्हायला लागलं, आणि खरं सांगते, भिंती जवळ येतायत असं मलाही वाटायला लागलं.

"काहीतरी बोल ना गं," आई म्हणाली. "नाहीतर फोटो पाड. काहीही कर."

आम्ही बडोद्याचे लोक फोटो पाडतो, काढत नाही. गुजरातीचा परिणाम. पुण्याची आत्या दर वेळी म्हणते, "सांभाळून हं, फुटेल!" तर मी घामट हाताने फोन वर केला आणि तो सटकन खाली.

"अगं, फोटो पाड म्हटलं, फोन नाही!"

आणि आई हसली. घाबरल्यावर कसं हसू आवरतच नाही, तसं. मी वाकून फोन उचलत होते, अंगठा कुठेतरी लागला आणि फ्लॅश उडाला.

काय फोटो होता तो! खालून पाडलेला, हललेला, कपाळ पांढरंफक, दोन हनुवट्या, कोपऱ्यात माझं बोट. आणि मधे आई, तोंड उघडं, दात बाहेर.

"ई! डिलीट करते."

"दाखव तर." तिने तो बराच वेळ बघितला. "वर्गात मी अशीच दिसत असणार."

"आई, हललाय गं!"

"मग? वर्गात मी कुठे स्थिर उभी असते?"

बॅनरवाल्या बाईंचा चॅट उघडाच होता. तिने तिथेच फोटो टाकला आणि पाठव दाबलं. घड्याळाचं चिन्ह आलं. नेटवर्कच नव्हतं ना.

"एवढा मोठा छापतील!"

"छापू दे."

फोन परत माझ्या हातात. अजून पुसता आला असता. मी फोटोग्राफीचा कोर्स करते, सगळे विचारणार की कोणी पाडला. आई डोळे मिटून उभी, पुन्हा भरभर श्वास घेत.

"गेला का गं?"

"नाही अजून."

"गेला की सांग हं." थोड्या वेळाने परत, "गेला?" मनगट सोडलेलंच नव्हतं.

मग वर खडखड झाली. दार अर्धं उघडलं. समोर नुसती भिंत, आणि डोक्याच्या उंचीवर उजेडाची पट्टी, त्यात वॉचमनकाकांच्या चपला. नेटवर्कची एक काडी आली. माझा अंगठा फोटोवर होता. मी अंगठा उचलला, फोटो जाऊ दिला.

"गेला, आई."

तिने डोळे उघडले, माझा हात सोडला, वरून आलेला वॉचमनकाकांचा हात पकडला आणि मला म्हणाली, "ढकल मला खालून. साडीचा विचार नको करूस."