पिवळ्या दिव्याचा तपास

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोण कुठल्या ठाण्यात, कुठल्या वर्षी, सांगता येत नाही. हे एक मात्र वेगळं राहिलं आहे, आणि ते मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही. स्वेच्छानिवृत्ती घेताना कारण विचारलं, तेव्हाही रक्तदाब सांगितला होता.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी बंगळूरमध्ये, पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी; ठाण्यात सगळा कारभार कन्नडमध्ये. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

हद्दीत लेथ आणि ग्राइंडिंगचं काम करणारा एक कारखाना होता. मालक बसवनगुडीचे. त्यांनी परदेशी गाडी घेतली होती. अशी गाडी तेव्हा आमच्या हद्दीत दुसरी नव्हती. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तरी तिची चाकं अडकत नसत, जागच्या जागी गरगरतही नसत. ते सगळं आतला संगणक सांभाळायचा. या यंत्रणेत काही बिघडलं, की ती स्वतःला बंद करून घेई आणि स्टिअरिंगसमोर पिवळे दिवे लावी. साधे ब्रेक चालू राहत.

हे दिवे पाच-सहा महिने सारखे लागत होते. शहरातल्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली की दिवे विझायचे, आठवड्याभरात परत हजर. कधी रिले बदलला, कधी फ्यूज. शेवटी वर्कशॉपवाल्यांनी मालकांना सांगितलं, की आमच्याकडून काही राहिलेलं नाही. गाडीला दुसरं कुणी हात लावतंय का ते बघा. आपल्याला दोष सापडला नाही असं म्हणण्यापेक्षा दुसऱ्याने केला असं म्हणणं सोपं असतं. पोलीस खात्यातही तसंच चालतं.

दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी, दुपारच्या रिमझिमीत, मालक स्वतः गाडी चालवत निघाले. चालक त्यांच्याच कामाने बँकेत गेला होता. दिवे लागलेले होते. मालकांनी ते मनावर घेतले नाहीत. तुमकूर रोडवर पुढची लॉरी थांबली, यांनी ब्रेक दाबला, चाकं अडकली आणि गाडी घसरत जाऊन लॉरीवर आदळली. मालकांचा गुडघा मोडला. इस्पितळातून त्यांनी तक्रार दिली, की कुणीतरी गाडीत घातपात केला आहे. कारखान्यात त्या वेळी संपाची भाषा चालू होती आणि चालकाचा मेहुणा युनियनमध्ये होता.

शनिवारी सकाळी खबर आली. कारखान्याचा वॉचमन ठाण्यात येऊन म्हणाला, चालकाला जेवणाच्या सुट्टीत मागच्या चाकाच्या आत खांद्यापर्यंत हात घालताना त्याने पाहिलं आहे. एकदा नव्हे, बऱ्याचदा.

चालक पन्नाशी ओलांडलेला, मालकांच्या वडिलांपासून नोकरीत. कारखान्यात सगळे त्यांना अण्णा म्हणत. मीही इथे तेवढंच म्हणतो. आज आदराने लिहितोय. त्या दिवशी अरे-तुरे करत होतो.

मी त्यांना शनिवारी उचललं आणि अटक सोमवारी दाखवली. मधले दोन दिवस स्टेशन डायरीत त्यांचं नाव नाही. असं तेव्हा सर्रास चालायचं, हे कारण आहे, माफी नाही.

शनिवारचा दिवस हवालदारांनी आपल्या पद्धतीने घेतला. अण्णा कन्नडमध्ये एकच सांगत राहिले, की आपण काही केलं नाही. संध्याकाळी मी सगळ्यांना बाहेर काढलं, खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि मराठीत म्हणालो, "बसा अण्णा. आपलीच माणसं आहोत आपण."

त्यांचा चेहरा जो सैल पडला, तो मला विसरता आलेला नाही. घरातली भाषा ठाण्यात ऐकली आणि त्यांना वाटलं, आता ऐकून घेणारं माणूस भेटलं. त्यांनी सगळं सांगितलं. सांगितलं ते असं:

"दिवा लागला की मी मागच्या चाकात हात घालतो. आत बोटाएवढी एक डबी आहे, तिला वायर येते. तिच्या तोंडाला काळा चुरा धरलेला असतो. स्वल्प फडकं फिरवलं की दिवा जातो. धन्यांनी सांगितलंय, वर्कशॉपशिवाय कुणी हात लावायचा नाही, म्हणून गुपचूप करतो. त्यांनाच त्रास नको म्हणून."

मी विचारलं, "म्हणजे दिवा कसा घालवायचा ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"होय साहेब."

"मग लावायचा कसा, तेही ठाऊक असणारच."

खरं म्हणजे तपास तिथेच उलगडला होता. वर्कशॉपला सहा महिन्यांत जे सापडलं नाही, ते या माणसाने फडक्याने शोधून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. मी त्यातलं एकच वाक्य उचललं: चाकातल्या वायरजवळ हात घालत होतो, मालकांपासून लपवून. रविवारी संध्याकाळपर्यंत त्याचं 'वायर सैल करत होतो' झालं. कसं झालं, ते लिहवत नाही. मारहाण त्यात थोडी होती. जास्त होतं ते माझं मराठी. मेहुण्याला यात ओढायचं नसेल तर सही करा, असं मी त्यांना समजुतीच्या सुरात, घरच्यासारखं सांगितलं. त्यांनी मेहुण्यासाठी सही केली.

पोलिसासमोरच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते. पण वरिष्ठांना असते, वर्तमानपत्रांना असते. सोमवारी अण्णांना न्यायालयीन कोठडी मिळाली आणि इन्स्पेक्टरसाहेबांनी माझी पाठ थोपटली.

आता राहिली गाडीची तपासणी. आमच्या मोटार विभागातले एक हेड कॉन्स्टेबल गाड्यांचे जाणकार होते. पोलिसात येण्याआधी ते लेथवर काम करत. मंगळवारी त्यांनी ठाण्याच्या आवारात गाडीचं मागचं चाक उचललं, आडवे होऊन आत डोकावले आणि मला हाक मारली.

वायर घट्ट होती. डबीचा बोल्ट गंजून बसलेला. महिनोन्‌महिने त्याला पान्हा लागला नव्हता. त्या डबीत लोहचुंबक असतं, चाक किती वेगाने फिरतंय ते ती मोजते. तिच्या तोंडाला लोखंडाचा बारीक कीस चिकटून चक्क दाढी उगवली होती. हेड कॉन्स्टेबलने ती फडक्याने पुसली, गाडी आवारातल्या आवारात एक फेरी फिरवून आणली. दिवे विझलेले.

आम्ही दोघे कारखान्यात गेलो. गाडी उभी करायची जागा ग्राइंडिंग शेडच्या पाठीला होती. तिथे सावली असते म्हणून मालकांनी स्वतःच ती आखून घेतली होती. पीण्यातली पद्धत अशी, की पाळी संपली की कामगार हवेच्या पाइपने मशीन झटकून काढतात. सगळा कीस झरोक्यातून मागे उडायचा, गाडीच्या चाकांवर. त्यात आयुधपूजा, म्हणजे नवमीला इकडे होणारी यंत्रांची आणि गाड्यांची पूजा, जवळ आलेली. पूजेसाठी आठवडाभर सगळी मशीनं झटकून लखलखीत करणं चालू होतं. मालक चेन्नईला गेले की गाडी घरी राहायची, चालकाला सुट्टी असायची आणि दिवा लागायचा नाही. आम्ही त्याचा अर्थ असा लावला होता, की चालक नसला की दिवा लागत नाही.

हेड कॉन्स्टेबलने जमिनीवरची चिमूटभर राखाडी धूळ उचलून माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, "लेथवरच्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं, सार. त्या ड्रायव्हरला कळलं होतं की."

मी त्यांना म्हणालो, अहवाल सण झाल्यावर द्या.

त्यांनी बोटांना लागलेली धूळ फडक्याने पुसली. मग म्हणाले, "सरी, सार." म्हणजे, बरं साहेब.

मला हे कुणी करायला लावलं नाही. इन्स्पेक्टरसाहेबांना मी सांगितलंच नाही. बुधवारी कोर्ट चालू होतं. अर्ज दिला असता तर अण्णा संध्याकाळी घरी गेले असते. गुरुवारपासून दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या. सुट्टीतही मॅजिस्ट्रेट बसतात, हे मला पाठ होतं. पण परवाच वर्तमानपत्रात आलं होतं, पाठ थोपटली गेली होती, आणि शनिवार-रविवारच्या डायरीचा प्रश्न निघाला असता. सण होऊन जाऊ दे, मग शांतपणे मिटवू, असं मी ठरवलं. शहरभर गाड्यांना हार घातले गेले, चाकांखाली लिंबं फुटली. पंचवीस वर्षं दर नवमीला गाडी पूजणारा माणूस तेव्हा कोठडीत होता.

सुट्ट्या संपल्यावर मी प्रकरणात तथ्य नसल्याचा अहवाल पाठवला. अण्णा सुटले.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. जुन्या पेठेतली दोन खोल्यांची जागा. अण्णांच्या पत्नीने, अक्कांनी, कॉफी दिली, पण त्या समोर थांबल्या नाहीत. अण्णांनी मेहुण्याची, मालकांची, हवालदारांची कुणाचीच तक्रार केली नाही. म्हणाले, "साहेब, एकच विचारतो. माझा यात हात नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हणालो, "तुम्ही सुटलात ना, त्याच्या आदल्या दिवशी."

त्यांनी मान हलवली. "मग ठीक आहे. उशीर देवाने केला. तुमचा काय दोष."

मालकांनी त्यांना परत घेतलं नाही. गाडी मात्र दुसऱ्या बाजूला उभी करायला लागले. एकदा ठाण्यात जाऊन आलेल्या माणसाच्या हातात पीण्यात पुन्हा कुणी स्टिअरिंग दिलं नाही. अण्णा मेहुण्याने पुढे काढलेल्या दुकानात बसू लागले. आमच्या लोकांत ते सांगत, की आपला एक मराठी अधिकारी होता म्हणून वाचलो. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला ते स्वतः आले. मी गेलो. त्यांनी मला पुढच्या रांगेत बसवलं आणि व्याह्यांशी ओळख करून दिली. मी जेवलोही.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं नव्या पोरांनी विचारलं की मी सांगायचो: निर्दोष माणूस जास्त तपशील देतो. त्याला वाटतं, तपशील दिला की सुटका होईल. आणि आपण नेमका तोच तपशील त्याच्याविरुद्ध लिहून घेतो. तेव्हा कबुली मिळाली की थांबू नका, तिथून ऐकायला लागा. ते खरंच आहे, आणि ते सांगून मी स्वतःला बरंच हलकं करून घेत असे. चूक तपासातली असते तेव्हा तिच्यातून शिकता येतं. मंगळवारनंतर माझी तपासात काहीच चूक नव्हती. मला सगळं माहीत होतं.

अण्णा मागच्या वर्षी गेले. त्यांनी मला आयुष्यात एकच प्रश्न विचारला होता, आणि मी खोटं बोललो. खरं उत्तर असं आहे, अण्णा: तुम्ही सुटायच्या अकरा दिवस आधी. मंगळवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला.