शेडच्या आधीची मोजणी

आमच्या शेडच्या उद्घाटनाला गावाने मला शाल दिली. सरपंच म्हणाले, "नानांनी घाई केली नाही. एकेक परवानगी घेतली आणि मगच लोखंडाला हात घातला. तरुणांनी हे शिकावं." टाळ्या पडल्या. मीही मान डोलावली. खरे तर घाई माझीच होती आणि ती थांबवली सूनबाईने. त्या वेळी ती आत बायकांना चहा देत होती. हे तिथेच माइकवर सांगायला हवे होते. नाही सांगितले. म्हणून आता लिहितो आहे.

नाशिकहून पेठकडे जाताना रस्त्याला लागून आमचे शेत आहे. सूनबाई घराच्या पडवीत नागलीची, म्हणजे नाचणीची, बिस्किटे आणि पापड करायची. नागली पेठ-सुरगाण्याकडच्या शेतकऱ्यांची, हात गावातल्या बायकांचे. मागणी वाढली, पडवी पुरेना. तेव्हा रस्त्याकडेच्या पट्ट्यात लोखंडी शेड उभी करायचे ठरले.

शेड म्हणताच माझ्या अंगात वारे शिरले. नाशकात द्वारका चौकाजवळच्या एका विक्रेत्याकडे जाऊन मी छपराचा रंगसुद्धा पसंत करून आलो. दसऱ्याला आगाऊ रक्कम भरतो, असा शब्दही देऊन टाकला.

"नाना, मोजणी झाली?" सूनबाईने विचारले.

"मोजणी कशाला? बांध दिसतोय की."

"बांध दिसतो, हद्द नाही दिसत. ही शेड कारखान्यातून मापात कापून, भोकं पाडून येते. हद्दीपासून किती जागा सोडायची ते नकाशा मंजूर झाल्यावर कळणार. नंतर सरकवायची म्हटली तर?"

"तुझ्या कागदांपायी दसरा जाईल."

"जाऊ द्या. गुढीपाडवा आहेच."

पाहुण्यारावळ्यांत मी सांगत सुटलो, की आमच्या सूनबाईला कामापेक्षा कागदांचा सोस. तिच्या कानावर ते जात असणार. तरी तिने मोजणीचा अर्ज केला.

मोजणीच्या दिवशी शेजारच्या आबांनाही नोटीस होती. आबा आणि मी एकाच वर्गात मार खाल्लेले. "तुमचं तुम्ही मोजा," म्हणून ते आपल्या विहिरीवर बसून राहिले. भूकरमापकाने यंत्र लावले, खुणा रोवल्या, आणि रस्त्याकडेचा आमचा पट्टा नकाशात आबांचा निघाला!

मग मला आठवले. आबांच्या वडिलांना विहीर पाडायला ओहोळाकडचा कोपरा हवा होता. माझ्या वडिलांनी तो दिला आणि बदल्यात रस्त्याकडेचा पट्टा घेतला. दोघांनी एकमेकांच्या हातावर गूळ ठेवला. झाला व्यवहार! नोंद करावी असे कोणाच्या मनातही आले नाही. त्या काळी तो रस्ता म्हणजे बैलगाडीची वाट होती. आता तिथे डांबरी सडक आहे आणि त्या पट्ट्यावर सगळ्यांचा डोळा आहे. आबा नाही म्हणाले, तर सूनबाईचे सगळेच मनसुबे मातीत जाणार होते.

मी तिला बाजूला घेतले. "आबांपाशी विषय काढू नको. शेड उभी राहिली, की कोण विचारतंय?"

माझे हे बोलणे मला अजून टोचते. सूनबाईने चहाचा थर्मास उचलला आणि थेट विहिरीकडे निघाली. मागोमाग मला जावेच लागले.

तिने आबांना सगळे सांगितले. आबांनी कप खाली ठेवला.

"म्हंजे तुझा कारखाना माझ्या रानात हाय? नाना, भाडं कवापासून लावू?"

सूनबाई म्हणाली, "लावा की आबा. पण तुम्ही बसलाय ती विहीर आमच्या रानात आहे."

आबा ताडकन उठले. विहिरीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ठसका लागेपर्यंत हसले. "लय भारी! म्हंजे जलमभर मी तुझं पाणी चोरतोय!"

"आणि मी तुझं गवत," मी म्हणालो.

"आपल्या म्हाताऱ्यांनी गूळ वाटला, पण तलाठ्याला नाय बोलावलं. चल, आपण बोलावू."

तलाठ्याने पंचनामा केला आणि अदलाबदल रीतसर नोंदली गेली. कार्यालयात आबा भेटेल त्याला माझी ओळख करून देत, "हा माझा भाडेकरू." मग बिगरशेतीची परवानगी आली, माती तपासून झाली, नकाशा मंजूर झाला. रस्त्यासाठी जागा सोडावी लागल्याने शेड अरुंद आणि लांब झाली. मी ठरवून आलो होतो ती तिथे बसलीच नसती. ऑर्डर पाडव्याला दिली. खांब उभे राहत होते, तेव्हा आबा बाज टाकून बसले होते आणि क्रेनवाल्याला विनाकारण सूचना देत होते.

काल हे लिखाण मी शेडमध्ये, भट्टी चालू असताना, सगळ्या बायकांसमोर मोठ्याने वाचले. आबाही होते. सूनबाई बिस्किटांचा ट्रे हातात घेऊन उभी होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "नाना, त्या विक्रेत्याला तुम्ही गोठ्यामागे जाऊन चोरून फोन करायचात, छपराचा तो रंग राखून ठेवा म्हणून, ते राहिलं."

बायका फिदीफिदी हसल्या. राहिले होते खरे. तेही लिहिले.