दुसऱ्या मजल्यावरचा बुधवार

आमच्या फील्डवर्कच्या संस्थेतल्या बाईंना ‘मेहेरबानी’ या शब्दाचा राग होता. समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला मी लिहिलेलं पहिलं निवेदन ‘साहेबांनी मेहेरबान होऊन’ असं सुरू झालं होतं. वडील सातपूरला कारखान्यात. त्यांचे रजेचे अर्ज मीच लिहायचो, तिथे तसंच चालायचं. बाईंनी कुबड्या भिंतीला टेकवल्या, बसल्या आणि पहिली ओळच खोडली. “पंच्याण्णवचा अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे ना? मग हक्काने मागायचं. भीक कसली?”

घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. साहेब दिसला की मान आपोआप खाली जायची. बाईंनी ते ओळखलं असावं, कारण कुठल्याही कार्यालयात त्या मलाच पुढे करायच्या. मागून हळूच, “बोल की. तुला बघायला आलेत का, लाजायला?”

निवेदन दिलं की शिक्क्याची पोच घ्यायचीच. कारकून म्हणायचा, “ठेवून जा बाई, साहेबांना देतो.” बाई समोरच्या बाकावर बसून डबा उघडायच्या. “सावकाश शोधा शिक्का. मला आज दुसरं काम नाही.” पहिली पोळी संपायच्या आत शिक्का सापडायचा.

सोना पेठकडची. बारावी पास, दोन्ही पाय पोलिओने गेलेले. नाशिकच्या कॉलेजात राखीव जागेसाठी तिला अपंगत्वाचा दाखला हवा होता. तपासणी फक्त बुधवारी, सरकारी दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयात, आणि लिफ्ट नाही. मी आणि एका वर्गमित्राने तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. डॉक्टर रजेवर! पुन्हा खाली आणलं. तरी आम्ही खुशीत होतो, माणुसकी दाखवली म्हणून.

बाई मात्र उखडल्या. “तुम्ही उचललंत म्हणून कार्यालयाची काळजी मिटली. तुम्ही नसाल त्या दिवशी काय? आणि तिला विचारलं होतं?”

नव्हतं विचारलं. सोना खाली बघत म्हणाली, “पोत्यागत नेलं दादा. लय लाज वाटली.”

तपासणी तळमजल्यावर घ्या, असं निवेदन मी दुसऱ्याच दिवशी दिलं. पुढचा बुधवार आला, उत्तर नाही. प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपत होती. माझा धीर सुटला. “बाई, आजच्यापुरतं उचलतो. वर्ष जाईल तिचं.”

बाई सोनाकडे वळल्या. “वर्ष तुझं आहे. तू म्हणशील तसं.”

सोनाने जिन्यावर नजर टाकली. “मी नाय जायची वर. त्यांना खाली येऊ दे.”

मी एकटाच वर गेलो. कार्यालयातले साहेब म्हणाले, “अरे, एवढी धट्टीकट्टी पोरं तुम्ही, आणा की उचलून.”

“आणू शकतो साहेब. पण आणणार नाही. तिला तसं यायचं नाहीये. तपासणी तिच्यापर्यंत आली पाहिजे.” हे मीच बोललो, यावर माझाच विश्वास बसेना.

तासाभराने डॉक्टर खाली उतरले. जिन्याजवळच्या बाकावर तपासणी झाली, दाखल्यावर सही झाली. खाली ताटकळलेल्या आणखी चौघांचीही तिथेच झाली. शुक्रवारी सोनाला प्रवेश मिळाला.

बाईंनी शाबासकी दिली नाही. “तोंडी काय, उद्या विसरतील,” म्हणाल्या. लेखी आदेश यायला दिवाळी उजाडली. तोवर संस्थेने बाईंची बदली देवळ्याला केली होती. निघायच्या दिवशी मी स्टँडवर आदेशाची प्रत घेऊन गेलो. बसच्या खिडकीत त्यांनी ती दोनदा वाचली.

“आता बाकीच्या तालुक्यांचं काय?”

“सोना निघालीये,” मी म्हणालो. “म्हणते, निवेदन मी लिहिते, तू फक्त सोबत चल.”

बाईंनी कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. “ही प्रत माझी. तू दुसरी काढून घे.”