टाइल्सवरून गेलेला पाइप

शेवंतामावशींना एखादी गोष्ट का केली असं विचारलं, की त्या लगेच कारण सांगत. अडचण एवढीच, की तुम्हाला एक सांगत आणि मला दुसरं. दोन्ही पटायची, आणि पुढे कधीतरी आपण दोघं भेटलो की दोघांचाही गोंधळ उडायचा.

सोलापुरात भवानी पेठेत आमची दारं समोरासमोर. मावशी मूळच्या माळशिरसकडच्या, पण सगळी उमेद इथल्या टॉवेलच्या कारखान्यात माल तपासण्यात गेलेली. निसटलेला धागा त्यांना लांबूनच दिसे. माझी निरी जरा वाकडी असली की जिन्यावरून ओरडायच्या, "ताई, डावीकडं वढा की!" मुलगा सतीश पुण्याला. वडील गेल्यापासून "आई, इकडे राहायला ये" हे त्याचं पालुपद आणि "बघू की" हे मावशींचं. मला मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मी हितंच ऱ्हानार. माजं मी करनार."

तर त्यांचा शॉवर बिघडला. भिंतीतला पाइप सडून ओल आली होती. आमचे प्लंबर बशीरभाई म्हणाले, टाइल्स फोडून नवा पाइप आत घालू.

"फोडायचं न्हाय," मावशी म्हणाल्या. "टाइल्सवरनंच न्हे."

"अच्छा नै दिखता, खाला. वरच्या टाकीतून सरळ खाली आणतो, मग थोडाच दिसेल."

"वरनं न्हाय. दारापास्नं आन. कमरंएवढ्या उंचीवर, भितीभितीनं फिरवून. आन लोखंडी घाल. पलास्टिक उंदरं खात्यात."

बशीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी छताकडे. एवढ्याशा न्हाणीघरात पाइपची प्रदक्षिणा! माझ्या निरीला नावं ठेवणाऱ्या बाईच्या पांढऱ्याशुभ्र टाइल्सवरून लोखंडी पाइप निघाला, क्लॅम्प ठोकत ठोकत शॉवरला जाऊन पोचला. दिसायला भयंकर होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "भितीत गळत असलं तर कळतंय व्हय?" मला पटलं. बशीरभाईंना त्यांनी सांगितलं होतं, की तसल्या टाइल्स आता मिळत नाहीत. त्यांनाही पटलं होतं.

मग सतीशचा फोन आला. "ताई, तुमचा धुळीचा त्रास कसा आहे? आई म्हणाली, शेजारच्या ताई आजारी आहेत म्हणून भिंत फोडता आली नाही." मला धुळीचा त्रास! जन्मभर सोलापूरची धूळ खाऊन मी ठणठणीत आहे. पण तो इतक्या काळजीनं विचारत होता, की बरं वाटतंय म्हणून सांगून टाकलं. फोन ठेवल्यावर मात्र डोकं चक्रावलं. पाइपसाठी पोटच्या मुलाला थाप कशाला?

एका दुपारी शेंगाची चटणी द्यायला गेले. दार उघडंच होतं. न्हाणीघरात दिवा नव्हता, पाण्याचा आवाज मात्र येत होता. तो थांबला आणि मावशी दारात आल्या. केस ओले, तळहात पाइपवरून सरकत सरकत चौकटीपर्यंत आलेला. मी अगदी समोर उभी. माझ्याकडे बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बशीर, आलास व्हय?"

मी आवाज दिला. तशा त्या तिथेच खुर्चीत टेकल्या.

"दावलं डाक्टरला. म्हनले, गेली ती नजर काय आता येत न्हाय. सतीशला बोलू नगा, ताई. न्हील मला. तितं त्याची बायको मला आंगूळ घालनार."

त्या पाइपला हात लावून चाललं, की साबण, टॉवेल, शॉवर ओळीनं हाताला येत होते. मला त्यांचं कौतुक वाटलं, रागही आला, आणि रडूही आवरेना. शब्द दिला खरा, पण त्या पडल्या तर? सतीशला फोन लावायला घ्यायची आणि ठेवून द्यायची. काय बरोबर, ते मला कळतच नव्हतं.

नातीच्या वाढदिवसाला मावशी थोडे दिवस पुण्याला गेल्या. लगेचच सतीशचा फोन. "ताई, आई आंघोळच करत नाही. म्हणते, टाइल्सवरून पाइप घाल, नाहीतर सोलापूरला सोड. नवंकोरं बाथरूम आहे हो! तुम्हाला काय कारण सांगितलं होतं तिनं?"

सगळी कारणं माझ्या तोंडाशी होती. उंदीरसुद्धा. एकही बाहेर पडेना.

"सतीश," मी म्हटलं, "उद्या डोळे मिटून आंघोळ करून बघ."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, मला साबणसुद्धा सापडला नाही."

तो स्वतः मावशींना घेऊन आला. जाण्याआधी बशीरभाईंना बोलावून त्यानं जिन्याच्या भिंतीलाही तसाच पाइप बसवून घेतला. त्यातून पाणी जात नव्हतं. इतक्या लवकर परत कशा, असं मी विचारलं तर मावशी म्हणाल्या, "पुन्याचं पानी लई जड हाय, ताई. अंगाला लागंना." मी शब्द पाळला की मोडला, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही.

मावशी याच घरात गेल्या. त्या दिवशीसुद्धा सकाळी दार लावून, आपल्या हातानं आंघोळ केली होती.

आता तिथे एक नवं जोडपं भाड्यानं आलंय. त्यातली मुलगी परवा मला विचारत होती, "काकू, हा लोखंडी पाइप असा भिंतभर का फिरवलाय हो?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं.

"प्लास्टिक उंदीर खातात," मी म्हणाले. तिला पटलं.